केसपेपरवर ‘पाय घसरला’ लिहू नका: नवऱ्याकडून होणारा छळ ओळखणं, नोंदवणं आणि त्यातून बाहेर पडणं

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीमागचा माणूस विचारतो, “काय झालं?” बाईच्या मागे नवरा उभा असतो, नाहीतर सासू. बाई म्हणते, “मोरीत पाय घसरला.” तो तेवढंच लिहितो. डॉक्टर टाके घालतात, कागद पिशवीत जातो. दोन वर्षांनी कोर्टात नवऱ्याचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो आणि विचारतो, “हे तुम्हीच सांगितलं होतं ना?”

छळातून बाहेर पडायला धीर लागतो, माणसं लागतात, पैसा लागतो, हे सगळेच सांगतात. कागद लागतो हे फार थोडे सांगतात, आणि तेही उशिरा. म्हणून इथे भर आहे तो कुठल्या टेबलापुढे काय बोलायचं, काय लिहून घ्यायचं आणि काय सही करायचं नाही, यावर. कायदा देशभर एकच आहे, गोव्यातही तोच. कचेऱ्यांची नावं महाराष्ट्रातली आहेत.

भांडण आणि छळ

भांडणं सगळ्या घरांत होतात. दोघांचा आवाज चढतो, दोघं रुसतात, दुसऱ्या दिवशी दोघं कामाला लागतात. छळात एक जण बोलतो आणि दुसरी सतत अंदाज घेत जगते. आज गाडी लावताना हॉर्न कसा वाजला, चपला कशा काढल्या, भाजीला पहिला घास लावल्यावर चेहरा कसा झाला. माहेरचा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं. दळणाला गेलं तरी किती मिनिटं लागली याचा हिशेब द्यायचा. हात उचलला गेलाय की नाही, हा नंतरचा प्रश्न.

मारल्यानंतर बरेचदा एक गोड काळ येतो. तो रडतो, मुलांची शपथ घेतो, साडी आणतो, देवदर्शनाला नेतो. बाईला आणि तिच्या आईवडिलांना वाटतं, सुधारला. मग हळूहळू तेच टोमणे, तीच तपासणी, आणि पुन्हा मार. हे चक्र जितकं जुनं होतं तितका गोड काळ आखूड होत जातो. दारूला दोष देण्याआधी एक तपासून बघा: दारू पिऊन तो साहेबाला मारतो का, पोलिसाला मारतो का? नसेल मारत, तर हात कुणावर उचलायचा एवढी शुद्ध त्याला असते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. आर्थिक हिंसा बायकांनाच हिंसा वाटत नाही, म्हणून ती अर्जातून हमखास गळते. पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, नोकरी सोडायला लावणं, तिच्या अंगावरचे दागिने गहाण टाकणं, राहत्या घरातून हाकलणं हे सगळं त्यात येतं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये तिच्या खात्यात येतात आणि एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं, तर तेही लिहा.

लैंगिक हिंसेबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. नवऱ्याने केलेला बलात्कार भारतीय न्याय संहितेत अजूनही गुन्हा नाही. पत्नी १८ वर्षांखालची असेल किंवा नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तरच तो गुन्हा ठरतो. पण २००५ च्या कायद्यात लैंगिक जबरदस्ती ही स्पष्टपणे हिंसा आहे आणि त्यासाठी संरक्षण, नुकसानभरपाई मागता येते. बोलायला लाज वाटते म्हणून हा भाग वगळू नका. सुनावणी बंद खोलीत घेण्याची मागणी कलम १६ खाली करता येते.

हा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. लग्नाची नोंदणी झालेली नसली, लग्नासारखं एकत्र राहणं असलं, घटस्फोट झालेला असला तरी एकत्र राहत असतानाच्या हिंसेसाठी अर्ज करता येतो. आई, बहीण, विधवा भावजय यांनाही तो वापरता येतो.

जिवाला धोका कधी असतो

यातलं काही घडत असेल तर पुढची तयारी वाचत बसू नका, आधी घराबाहेर पडा: गळा दाबला आहे, एकदाही, हत्यार, रॉकेल किंवा गॅसची धमकी दिली आहे, गरोदरपणात मारलं आहे, मार पूर्वीपेक्षा लवकर लवकर आणि जास्त होतोय, “तुला मारून मीही मरेन” असं म्हणतोय, तुम्ही निघून जाल असा त्याला संशय आला आहे.

गळा दाबण्याबद्दल थोडं जास्त. बाहेरून अनेकदा वळही दिसत नाही, म्हणून पोलीसही आणि बाईही ते “नुसतं धरलं होतं” म्हणून सोडून देतात. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, नकळत लघवी होणं ही आतल्या इजेची लक्षणं आहेत आणि त्रास काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही वाढतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि “गळा दाबला, किती वेळ, एका हाताने की दोन्ही, शुद्ध गेली का” हे लिहून घ्या. ज्या बाईचा गळा एकदा दाबला गेलाय तिचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

दुसरी धोक्याची वेळ म्हणजे घर सोडतानाची आणि त्यानंतरचे काही आठवडे. म्हणून “मी चालले” हे त्याला तोंडावर सांगून निघू नका. भांडण चालू असताना स्वयंपाकघर आणि मोरी टाळा. एका खोलीत हत्यारं असतात, दुसरीला बाहेर पडायला वाट नसते.

शांत दिवसांत करायची तयारी

घर सोडायचं ठरलेलं नसलं तरी ही तयारी करून ठेवा. कागद एकदम नाहीसे झाले तर संशय येतो, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून विश्वासाच्या माणसाकडे पाठवा, मूळ कागद नंतर एकेक करून हलवा.

लागणारे कागद: तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, पासबुक, लग्नपत्रिका आणि दोन-चार लग्नातले फोटो, विवाह नोंदणी असेल तर प्रमाणपत्र, दागिन्यांच्या पावत्या, आधीच्या उपचारांचे केसपेपर, पासपोर्ट. सून परदेशात असेल तर तिचा आणि मुलांचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, हा पहिला प्रश्न असतो. व्हिसाच्या पानाची प्रत ईमेलमध्ये हवीच. भारतात परत आल्यावर ती जिथे तात्पुरतीही राहत असेल तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

त्याच्या कमाईचे पुरावे घर सोडल्यावर मिळत नाहीत, ते आत्ताच जमवा: पगाराची स्लिप, आयकर विवरण, गाडीचं आरसी, विम्याचा हप्ता, दुकानाच्या पाटीचा फोटो. शेती असेल तर गट नंबर टिपून ठेवा. सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर बघता येतात. पोटगीच्या वेळी “मी बेरोजगार आहे” हे हमखास येणारं उत्तर आहे.

फोनचं काम निवांत, पण क्रमाने करा. आधी नवा ईमेल, त्याच्या हाताला कधीही न लागलेल्या फोनवरून, त्याला अंदाज येणार नाही अशा पासवर्डने. मग व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं चालू आहे का ते बघा. गूगल मॅप्समध्ये लोकेशन कुणाला दिसतंय ते बघा. बँकेचे मेसेज कुणाच्या नंबरवर जातात? आधारला कुठला मोबाईल जोडलाय? तो त्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन बदला, नाहीतर तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाईल. एक सावधगिरी: लोकेशन एकदम बंद झालं तर त्यालाही कळतं. राहत्या घरी असेपर्यंत ते चालू ठेवून, निघायच्या दिवशी बंद करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. १८१ या महिला हेल्पलाईनला फोन केला तर कॉलच्या यादीतून तो नंबर पुसा.

पिशवीत दोन दिवसांचे कपडे, औषधं, चाव्यांचा दुसरा जोड, मुलाचं एखादं आवडतं खेळणं, आणि सुट्ट्या नोटांत रोख रक्कम: निदान तालुक्याहून जिल्ह्यापर्यंतच्या एसटीचं भाडं आणि दोन दिवसांच्या जेवणाचा खर्च निघेल इतकी. पिशवी घरात ठेवू नका. शेजारणीकडे, शिलाईच्या दुकानात, कामावरच्या कपाटात ठेवा. मुलांना पूर्ण बेत सांगू नका. खुणेचा एक शब्द ठरवा, तो ऐकला की शेजारच्या काकूंकडे जायचं, एवढंच शिकवा.

आणि एक वही. तारीख, वेळ, कारण काय झालं, त्याचे शब्द जसेच्या तसे, कुठे लागलं, कोण होतं. वही सापडण्याची भीती असेल तर बहिणीला व्हॉट्सॲप करा आणि फक्त तुमच्याकडचा मेसेज (‘डिलीट फॉर मी’) पुसून टाका. तिच्या फोनवर तो तारीख-वेळेसकट राहतो.

मारलं त्या दिवशी

धोका चालू असेल तर ११२. पोलीस आले तर त्यांच्यासमोर “काही नाही, घरचंच आहे” म्हणू नका. ते वाक्य स्टेशन डायरीत जातं.

दवाखान्यात जाताना शक्यतो मारणाऱ्याच्या घरचं कुणी सोबत नको. असलंच तर नर्सला सांगा, “मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.” डॉक्टरांना सांगायचं ते असं: कुणी मारलं, नात्यासकट, कशाने, कुठे, किती वाजता. “एमएलसी नोंदवा” हे शब्द वापरा. एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद. तिची खबर पोलिसांना जाते, पण तक्रार द्यायची की नाही हे त्या घडीला ठरवावंच लागतं असं नाही. नोंद असली की निर्णय सहा महिन्यांनीही घेता येतो. नोंद नसली की सहा महिन्यांनी सांगायला फक्त तुमचा शब्द उरतो. एमएलसीचा नंबर वेगळा टिपून ठेवा, केसपेपरची झेरॉक्स मागा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून सुरू झालेली ‘दिलासा’ केंद्रं पालिकेच्या काही रुग्णालयांत आहेत. तिथे समुपदेशक स्वतः बाजूला घेऊन विचारतात.

बोट, मनगट, बरगडी, नाक, दात: दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्याच. हाड मोडलं किंवा दात हलला तर ती कायद्याने ‘गंभीर दुखापत’ होते आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना परवानगीशिवाय तपास करता येईल असा ठरतो. नुसता मुका मार असेल तर तोच प्रसंग अदखलपात्र राहतो. एका एक्स-रेने ठाण्यातली सगळी भाषा बदलते.

फोटो काढताना एक लांबून, ज्यात चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील. एक जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद होतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याची मूळ माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवा. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मेसेज, फोटो, रेकॉर्डिंग कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकिलाला आठवण करून द्या. नवरा-बायकोतलं न सांगता केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे.

ठाण्यातला कागद: एनसी की एफआयआर

ठाण्यात बहुतेक वेळा पदरात पडते ती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. बाई समजते, केस झाली. प्रत्यक्षात एनसीवर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. तरी एनसी फुकट जात नाही: तीन वेळा मारलं आणि तीन एनसी आहेत, तर पुढच्या अर्जात तो तारखांचा सलग पुरावा असतो. प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा म्हणजे जुनं ४९८-अ. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड. इथे फक्त हुंड्याचा छळ येतो, हा समज चुकीचा आहे. जिवाला, शरीराला किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल असं वागणंही त्यात येतं. म्हणून फिर्याद देताना एकाच थपडेवर थांबू नका, किती वर्षांपासून काय चाललंय ते सांगा. पण हुंडा मागितला नसेल तर मागितला म्हणू नका. कुणीतरी सल्ला देतंच, “त्याशिवाय केस पक्की होत नाही.” एक खोटी ओळ उलटतपासणीत सापडली की खऱ्या दहा ओळींवरचा विश्वास जातो.

घटना कुठेही घडली असली तरी माहेरच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवून घेतच नसतील तर तीच फिर्याद लेखी, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना टपालाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. त्यानेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे तीच पावती लागते. या गुन्ह्याची तक्रार शेवटच्या छळापासून ३ वर्षांच्या आत व्हायला हवी.

गुन्हा दाखल झाला की नवरा लगेच आत, असं होत नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर अशा गुन्ह्यांत आधी नोटीस, मग गरज असेल तरच अटक असा क्रम आहे. तो त्याच संध्याकाळी घरी परत येऊ शकतो, हे धरून रात्रीची सोय करा.

संरक्षण अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याकडचा अर्ज

पोलिसांची वाट शिक्षेकडे जाते. घर, पैसा, मुलं आणि सुरक्षितता हवी असेल तर वाट वेगळी, २००५ च्या कायद्याची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही पण मार थांबायला हवा, असं बहुतेक बायका म्हणतात. त्यांच्यासाठी हा कायदा आहे आणि नेमक्या त्यांनाच तो कुणी सांगत नाही.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून करा. हे महिला व बालविकास विभागाचे अधिकारी. तुमच्या तालुक्याचे कोण आणि कुठे बसतात ते १८१ वर किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. ठाण्यांमधले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, भरोसा सेल आणि सखी वन स्टॉप सेंटरमधूनही मदत मिळते. सखी केंद्रात साधारण ५ दिवस राहता येतं. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे महिलांचं सरकारी निवारागृह. वयात आलेला मुलगा सोबत असेल तर त्याला ठेवून घेतात का, हे आधीच विचारा, नाहीतर रात्री दारात पंचाईत होते.

संरक्षण अधिकारी ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरतात, नियमांतला नमुना १. त्यात हिंसेच्या प्रकारांसमोर खुणा करायच्या असतात आणि पुढे तपशील. गडबडीत नुसत्या खुणा होतात आणि तपशिलाची जागा कोरी राहते. ती भरून घ्या. अहवाल दंडाधिकाऱ्याकडे आणि ठाण्यात जातो. थेट दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं, अहवाल नसला म्हणून अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालानुसार दंडाधिकाऱ्याकडच्या या अर्जाला (कलम १२) वर्षभराची मुदतही लागू नाही. “आता उशीर झाला” हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वकील मोफत मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातली तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नाहीतर मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाईन १५१००. नेमलेला वकील तारखांना येत नसेल तर तिथेच लेखी देऊन बदलून मागा.

आता अर्जातला मजकूर. बहुतेक अर्जांत असं वाक्य असतं: “सामनेवाला अर्जदारास नेहमी मारहाण व शिवीगाळ करून उपाशीपोटी ठेवत असे.” हे वाक्य न्यायाधीश दिवसातून दहादा वाचतात, त्याने काहीच डोळ्यांपुढे येत नाही. त्याऐवजी असं: “१२ मार्चला, मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास फीचे पैसे मागितले म्हणून त्यांनी कुकरचं झाकण फेकून मारलं. उजव्या भुवईला लागलं. मुलगी समोर होती. सकाळी ग्रामीण रुग्णालयात ३ टाके पडले. केसपेपर जोडला आहे.” पहिला प्रसंग, सर्वांत भयंकर प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, हे तीन असे लिहिले की बाकीचे थोडक्यात चालतात.

नावं कुणाची घालायची? ज्यांनी केलं त्यांची. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज चालतो. पण पुण्यात राहणारा चुलत दीर आणि त्याची बायको, ज्यांची गाठ वर्षातून एकदा गणपतीत पडते, त्यांना रागाच्या भरात गोवलं तर ते वरच्या कोर्टात जातात, अर्जाला स्थगिती येते आणि वर्ष वाया जातं. प्रत्येक नावापुढे एक तारीख आणि एक कृती लिहिता येत नसेल तर ते नाव काढा.

मागण्या स्पष्ट लिहा. न मागितलेलं क्वचितच मिळतं. कलम १८: मारायचं नाही, कामाच्या जागी-शाळेत यायचं नाही, फोन करायचा नाही. कलम १९: घरातून काढायचं नाही, घर विकायचं नाही, किंवा त्याने घराबाहेर जायचं, किंवा भाड्याचं घर द्यायचं. स्त्रीधन परत मिळण्याचीही तरतूद इथेच आहे. कलम २०: दरमहा खर्च, औषधपाणी, झालेलं नुकसान. कलम २१: मुलांचा तात्पुरता ताबा. कलम २२: मानसिक त्रासाची भरपाई.

खर्चाचा आकडा अंदाजाने टाकू नका. भाडं, किराणा, गॅस, वीज, शाळेची फी, रिक्षा, औषधं, असा महिन्याचा तक्ता करा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तुमची स्वतःची कमाई लपवू नका. सहा हजारांची नोकरी लपवताना पकडलं गेलं तर त्याची लपवलेली पंचवीस हजारांची कमाई झाकली जाते.

घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. सतीश चंदर आहुजा निकालाने (२०२०) जुना अडथळा दूर केला. यावर सासरचे एक तोड काढतात: ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज करून सुनेला बाहेर काढायचं. एस. वनिता निकालात, तोही २०२० चा, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या कायद्याच्या आधारे सुनेचा निवासाचा हक्क पुसता येत नाही. प्रांताची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, हजर राहून हे लेखी मांडा.

तारखा आणि अंतरिम आदेश

कायदा म्हणतो, पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात साहेब रजेवर, नोटीस बजावली गेली नाही, नव्या वकिलाचा वकालतनामा, अशी वर्षं जातात. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज आणि नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र द्या. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकताही आदेश मिळू शकतो. नवऱ्याचा घरचा, कामाचा, दोन्ही पत्ते आणि मोबाईल नंबर अर्जात बिनचूक हवेत. निम्मा उशीर नोटिशीच्या पत्त्यापायी होतो.

कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं. तिथे लक्षात ठेवायचा एकच नियम: मारण्याचं समर्थन नवऱ्याला समुपदेशनात करता येत नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगितलं जायला हवं, असं २००६ च्या नियमांत लिहिलेलं आहे. “तिनेच उलट उत्तर दिलं” अशी सुरुवात झाली की या नियमाची आठवण करून द्या.

घात होतो तो इथे

गावची बैठक. दोन्हीकडची माणसं बसतात, चहा होतो, “एक संधी द्या” ठरतं आणि बाई परत जाते, हातात काही नसताना. जायचंच असेल तर बैठकीचा कागद करा: कुणी काय कबूल केलं, पुन्हा हात उचलला तर काय, खाली सह्या आणि तारीख. त्या कबुलीजबाबाला कोर्टात फार किंमत असते, म्हणूनच तो लिहून द्यायला सासरचे कां-कूं करतात. जातपंचायत दंड किंवा वाळीत टाकायची धमकी देत असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे.

स्टॅम्प पेपरवरची फारकत. नोटरीपुढे सही झाली, पाच लोकांनी साक्ष दिली, म्हणून घटस्फोट होत नाही. ज्या समाजात काडीमोडाची रूढी पूर्वापार आहे आणि ती सिद्ध करता येते, तिथला अपवाद सोडला तर लग्न कायम असतं. त्या कागदात बहुतेकदा “माझी काही मागणी राहिलेली नाही, सर्व स्त्रीधन मिळाले” ही ओळ असते आणि सगळा खटाटोप त्या ओळीसाठीच असतो. कोऱ्या कागदावर तर अंगठाही नको.

अर्ज चालू असताना परत नांदायला जावंसं वाटलं तर अर्ज मागे घेऊ नका. तडजोडीच्या अटी कोर्टात नोंदवून घ्या आणि संरक्षणाचा आदेश कायम ठेवायला सांगा.

शेजारी, बहीण, आशाताई

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. त्यामुळे तिने तुम्हाला सांगितलं असेल तर ती आधीच फार पुढे आलेली आहे. “मग सोडत का नाहीस?” हे विचारू नका. “आज रात्री घरी सुरक्षित आहेस का?” हे विचारा. भिंतीपलीकडून आवाज आला तर बेल वाजवून साखर मागा. कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळलं तरी अनेकदा हात थांबतो. धीर होत नसेल तर ११२. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही खबर देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल खबर देणाऱ्यावर दावा होऊ शकत नाही, हे कलम ४ मध्येच आहे. त्याच्याशी स्वतः भिडायला जाऊ नका, त्याचा राग नंतर तिच्यावर निघतो.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ठाण्यातही जाते. जाते म्हणजे पोचतेच असं नाही. स्वतः एक प्रत नेऊन आवक-जावकचा शिक्का घ्या. एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना, एक सोसायटीच्या वॉचमनकडे, एक फोटो फोनमध्ये. आदेश पटला नाही तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील.

पैसे थकले तर थकबाकीचा वसुली अर्ज लगेच टाका, वर्षभर साचू देऊ नका. तो पगारदार असेल तर कलम २०(६) खाली रक्कम थेट त्याच्या मालकाकडून मागा.

आणि तो आदेश मोडून दारात आला, तर ठाण्यात गेल्यावर “पुन्हा त्रास देतोय” एवढंच म्हणू नका, त्यावर पुन्हा एनसीच हातात येईल. म्हणायचं असं: “संरक्षण आदेशाचा भंग झाला आहे, कलम ३१ खाली गुन्हा नोंदवा.” हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कलम ३२ प्रमाणे एकट्या तुमच्या साक्षीवरही तो सिद्ध मानता येतो. आदेशाची प्रत टेबलावर ठेवा, तो किती वाजता आला ते सांगा, आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा.